फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन

फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन (जन्म : हाम, ३० मार्च १८१८, मृत्यू : हेडेसडोर्फ, ११ मार्च १८८८) हे प्रशियाच्या ऱ्हाइन प्रांतातील नगराध्यक्ष आणि ग्रामीण सहकारी पतचळवळीचे एक प्रमुख प्रवर्तक होते. १८४५ ते १८६५ अशी वीस वर्षे त्यांनी वायरबुश, फ्लामर्सफेल्ड व हेडेसडोर्फ या तीन ग्रामसमूहांचा कारभार पाहिला. दुष्काळ आणि सावकारी यांत सापडलेल्या शेतकऱ्यांसाठी या काळात त्यांनी एकामागून एक संस्था काढल्या, त्यांतील काही मोडल्या आणि शेवटी गावपातळीवरील कर्जसंस्थेचे एक टिकाऊ रूप सिद्ध केले. पुढे ते रूप युरोपातील अनेक देशांत पसरले आणि १९०४ च्या कायद्याद्वारे हिंदुस्थानातही आले. मराठीतील सहकारविषयक पुस्तकांत त्यांचे नाव रायफेझन, रायफिसन असेही लिहिलेले आढळते.

बालपण व शिक्षण

रायफायझेन यांचा जन्म झीग नदीकाठच्या हाम या गावी झाला. हा भाग वेस्टरवाल्ड नावाच्या डोंगराळ प्रदेशात मोडतो. थंड हवा, हलकी जमीन आणि वारसांत वाटणी होऊन झालेली लहान शेते यांमुळे तेथील शेतकऱ्याचे उत्पन्न जेमतेम होते. नऊ भावंडांत रायफायझेन सातवे. वडील गोटफ्रीड फ्रीडरिश हे शेतकरी होते आणि काही काळ हामचे नगराध्यक्षही होते. परंतु मुले लहान असतानाच त्यांच्या हातून संसाराची जबाबदारी सुटली आणि घराचा भार आई अमाली यांच्यावर आला. आई अत्यंत धर्मनिष्ठ प्रोटेस्टंट होती. रायफायझेन यांच्या सार्वजनिक कार्यातील धार्मिक प्रेरणेचे मूळ चरित्रकार याच घरात शोधतात.

उच्च शिक्षणासाठी पैसा नव्हता. गावातील प्राथमिक शाळा संपल्यावर स्थानिक धर्मोपदेशक झाइपेल यांनी त्यांना सुमारे तीन वर्षे घरीच शिकविले. विद्यापीठाचे तोंड त्यांनी पाहिले नाही. पुढे अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी आणि कायदेपंडितांनी त्यांच्या योजनांवर टीका केली, तेव्हा ही उणीव त्यांच्या विरोधकांना सोयीची ठरली.

सैन्यातील वर्षे

१८३५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ते कोलोन येथील तोफखान्यात दाखल झाले. नंतर कोब्लेन्झ येथे त्यांनी तांत्रिक प्रशिक्षण घेतले आणि साइन येथील सरकारी लोखंड ओतकामाच्या कारखान्यात ते तपासनीस म्हणून काम करू लागले. सैन्यात बढती मिळण्याची शक्यता होती. परंतु डोळ्यांचा विकार जडला आणि १८४३ मध्ये त्यांना लष्करी सेवा सोडावी लागली. हा विकार पुढे आयुष्यभर राहिला. उत्तरायुष्यात त्यांची दृष्टी इतकी मंदावली की वाचन आणि लेखन दोन्हींसाठी त्यांना दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागे.

सैन्य सोडल्यावर त्यांनी कोब्लेन्झच्या प्रशासनात उमेदवारी केली व मायेन येथे जिल्हा सचिवाचे काम पाहिले. १८४५ च्या आरंभी, वयाची सत्तावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्यांची वायरबुशच्या नगराध्यक्षपदी नेमणूक झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रेमागेन येथील एका औषधविक्रेत्याची कन्या एमिली श्टोर्क हिच्याशी त्यांचा विवाह झाला.

नगराध्यक्षपदाचे स्वरूप

नगराध्यक्ष हा शब्द येथे थोडा फसवा आहे. ऱ्हाइन प्रांतातील बुर्गरमाइस्टर हा एका शहराचा निवडून आलेला प्रमुख नसे. अनेक लहान खेड्यांचा एक गट करून त्यावर सरकार एक अधिकारी नेमत असे. करवसुली, रस्ते, शाळा, गरिबांचे साहाय्य, जन्ममृत्यूच्या नोंदी, पोलिसी व्यवस्था अशी सर्व कामे त्याच्याकडे असत. निवडणुकीने येणाऱ्या नगराध्यक्षापेक्षा हे पद मराठी मुलखातील मामलेदाराला अधिक जवळचे होते. त्यामुळे रायफायझेन यांच्या हाती अधिकार होता, पण तो वरिष्ठांच्या आदेशाने बांधलेला होता; आणि गटाच्या तिजोरीत पैसा जवळजवळ नसेच.

वायरबुश : दुष्काळ आणि भाकरी

वायरबुशच्या गटात वीसहून अधिक खेडी होती. रायफायझेन यांनी प्रथम शाळा आणि रस्ता या दोन गोष्टी हाती घेतल्या. वेस्टरवाल्डमधील शेतमाल आणि लाकूड ऱ्हाइन नदीकाठच्या बाजारपेठेत नेण्यास धड वाट नव्हती. त्यांनी सुरू केलेला रस्ता नंतरच्या दोन्ही नेमणुकांत पुढे वाढत गेला आणि अखेर नॉयवीडपर्यंत पोहोचला. हाम ते नॉयवीड हा मार्ग आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

परंतु त्यांची खरी कसोटी १८४६-४७ च्या हिवाळ्यात लागली. बटाट्यावरील करप्याने युरोपभर पीक नासले होते, त्यातच धान्याचीही नापिकी झाली. वेस्टरवाल्डच्या गरीब घरांत बटाटा हेच मुख्य अन्न होते. धान्याचे भाव इतके चढले की मजुराला रोजची भाकरी परवडेना.

सरकारने कोब्लेन्झहून पीठ देऊ केले. मात्र ते रोख पैसे घेऊनच वाटावे अशी अट घातली. ज्यांना पिठाची गरज होती त्यांच्याजवळ रोख पैसा नव्हता, आणि ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांना सरकारी पिठाची गरज नव्हती. रायफायझेन यांनी ही अट पाळली नाही. त्यांनी गटातील सधन लोकांना एकत्र करून त्यांच्याकडून वर्गणीरूपाने रक्कम उभी केली आणि गरजूंना पीठ उधारीवर दिले. सरकारी नोकराने वरिष्ठांचा लेखी आदेश बाजूला ठेवणे ही प्रशियाच्या प्रशासनात साधी गोष्ट नव्हती. नोकरीची दोन वर्षेही पूर्ण झालेली नव्हती आणि घरात तान्हे मूल होते.

नुसते पीठ देऊन भागत नव्हते. बेकरीवाल्यांच्या भाकरीचे भाव चढेच होते. म्हणून मंडळींनी स्वतःचे भट्टीघर बांधले. तेथे भाजलेला पाव बाजारभावापेक्षा बराच स्वस्त मिळू लागला, आणि उधारीवर घेतलेल्याची परतफेड पुढच्या हंगामानंतर करण्याची मुभा होती. वायरबुशची भाकरी मंडळी या नावाने हा उपक्रम ओळखला जातो. या मंडळीने बियाणे आणि बेण्याचे बटाटेही पुरविले. उधारीची बहुतांश रक्कम पुढे परत आली.

ही मंडळी म्हणजे सहकारी संस्था नव्हे. पैसा श्रीमंतांचा, निर्णय श्रीमंतांचा आणि भाकरी गरिबांची असे तिचे स्वरूप होते. लोकप्रिय चरित्रांत वायरबुशच्या भट्टीघराला सहकाराचे जन्मस्थान म्हटले जाते ते या अर्थी बरोबर नाही. दुष्काळ सरल्यावर मंडळीचे कामही संपले. तिच्यातून शिल्लक राहिला तो एक अनुभव : गरीब माणसाला दिलेली उधारी बुडतेच असे नाही.

फ्लामर्सफेल्ड : गाय आणि सावकार

१८४८ मध्ये रायफायझेन यांची बदली शेजारच्या फ्लामर्सफेल्ड येथे झाली. या गटात तेहतीस खेडी होती. क्रांतीच्या त्या वर्षी जर्मन शहरांत राज्यघटनेची चर्चा चालू होती; फ्लामर्सफेल्डच्या परिसरात मात्र जनावरांच्या व्यवहाराचा प्रश्न अधिक निकडीचा होता.

जर्मन संस्थानांतील शेतकरी वेठबिगार व सरंजामी बंधनांतून मुक्त झाला होता. पण मुक्तीसोबत त्याच्यावर रोख पैशाचे ओझे आले होते. कर रोखीत, जमिनीची मोबदल्याची रक्कम रोखीत, बियाणे रोखीत. बँका शहरांत होत्या आणि लहान शेतकऱ्याकडे त्या पाहतही नसत. जवळ पैसा नसलेला शेतकरी व्यापाऱ्याकडून गाय उधारीवर किंवा वाट्याने घेई. जनावराची किंमत आधीच वाढवून लावलेली असे. हप्ता चुकला की व्याजावर व्याज चढे, गाय परत जाई आणि पुष्कळदा मागोमाग जमिनीचा तुकडाही जाई. दुभते जनावर गेले की दूध गेले आणि शेणखतही गेले, म्हणजे पुढच्या वर्षीचे पीकही घटले. वेस्टरवाल्डच्या हलक्या जमिनीत खताशिवाय शेती होत नसे, म्हणून एका गाईचा प्रश्न साऱ्या घराचा प्रश्न होई.

१ डिसेंबर १८४९ रोजी रायफायझेन यांनी निर्धन शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठी फ्लामर्सफेल्ड साहाय्यक मंडळ स्थापन केले. साठ सधन रहिवासी त्याचे सभासद झाले. मंडळ स्वतः जनावरे विकत घेई आणि शेतकऱ्यांना देई. किंमत पाच वर्षांच्या हप्त्यांत फेडायची असे. काही काळानंतर जनावरांऐवजी रोख कर्जेही दिली जाऊ लागली.

वायरबुशच्या मानाने येथे एक महत्त्वाची पायरी पुढे पडली. साठही सभासदांनी मंडळाच्या कर्जाबद्दल आपली सर्व मालमत्ता सामायिकपणे जामीन ठेवली. त्यामुळे मंडळाला बाहेरून भांडवल मिळू लागले. कोणा एकाच्या दानावर अवलंबून न राहता अनेकांच्या एकत्रित पतीवर पैसा उभा राहू शकतो हे प्रथमच दिसून आले. मात्र कर्ज घेणारा अजूनही मंडळाच्या बाहेरच होता. तो लाभार्थी होता, सभासद नव्हता.

हेडेसडोर्फ : दानाची मर्यादा

१८५२ मध्ये ते नॉयवीडजवळच्या हेडेसडोर्फचे नगराध्यक्ष झाले. हा गट मोठा होता, ऱ्हाइनच्या काठावर होता आणि लोखंडाच्या कारखान्यामुळे तेथे शेतकऱ्यांबरोबर कामगारांचीही वस्ती होती. प्रश्नही अधिक गुंतागुंतीचे होते. १८५४ मध्ये त्यांनी हेडेसडोर्फ परोपकारी मंडळ काढले. अनाथ व टाकून दिलेल्या मुलांची देखभाल, बेकारांना व तुरुंगातून सुटलेल्यांना काम, गरिबांसाठी जनावरांची खरेदी, कर्जनिधी, ग्रंथालय अशी अनेक उद्दिष्टे मंडळासमोर होती.

मंडळाचा व्याप मोठा होता, पण तो सांभाळण्याची इच्छा सभासदांत फार काळ टिकली नाही. आपल्याला काहीही मिळणार नाही अशा कामासाठी सारी मालमत्ता जामीन ठेवायला लोक कंटाळले. मुलांची देखभाल, तुरुंगातून सुटलेल्यांना काम या गोष्टी एकेक करून मागे पडल्या. शेवटी फक्त कर्जनिधी उरला.

रायफायझेन यांच्या आयुष्यातील हा सर्वांत महत्त्वाचा आणि त्यांच्या दृष्टीने कष्टदायक कालखंड होता. शेजाऱ्यावर प्रेम करणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे आणि ज्याच्यापाशी आहे त्याने ज्याच्यापाशी नाही त्याला द्यावे, या श्रद्धेवर त्यांनी दहा-पंधरा वर्षे संस्था उभ्या केल्या होत्या. त्याच सुमारास सॅक्सनीलगतच्या प्रशियन मुलखात हेर्मान शुल्झे-डेलिट्श हे उदारमतवादी न्यायाधीश व राजकारणी शहरी कारागिरांच्या पतसंस्था काढत होते. त्यांचे तत्त्व नेमके उलटे होते : दान नको, सरकारी मदत नको, कर्ज ज्याला हवे त्यानेच सभासद व्हावे. रायफायझेन यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला. आपली परोपकाराची पद्धत टिकणार नाही हे त्यांना मान्य करावे लागले. पण ते त्यांनी सहज मान्य केले नाही.

१८६२ मध्ये त्यांच्या गटातील आनहाउसेन या खेड्यात कर्जसंस्था स्थापन झाली. १८६४ मध्ये हेडेसडोर्फचे परोपकारी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या जागी हेडेसडोर्फ कर्जसंस्था उभी राहिली. या संस्थेत कर्ज घेणाऱ्याला सभासद होणे आवश्यक होते. सधन आणि निर्धन दोघेही एकाच यादीत आले व दोघांवरही सारखीच जबाबदारी आली. पंधरा वर्षांपूर्वी फ्लामर्सफेल्डमध्ये दाराबाहेर उभा असलेला शेतकरी येथे सभेत बसू लागला.

याच काळात त्यांच्या घरावर आघात झाले. सात मुलांपैकी तीन लहानपणीच दगावली होती. जुलै १८६३ मध्ये पत्नी एमिलीचे निधन झाले. विषमज्वराने आणि मज्जाविकाराने त्यांची स्वतःची प्रकृती ढासळली, दृष्टी आणखी अधू झाली. १८६५ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, प्रकृतीच्या कारणास्तव त्यांना सेवानिवृत्त करण्यात आले. निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. घर चालविण्यासाठी त्यांनी आधी सिगार बनविण्याचा कारखाना काढला. तो चालला नाही. त्यानंतर त्यांनी मद्याची घाऊक विक्री सुरू केली आणि त्या धंद्याने कुटुंबाला आधार दिला. १८६८ मध्ये त्यांनी मारिया पान्सेरोट या विधवेशी दुसरा विवाह केला.

ग्रंथ व रायफायझेन पद्धती

निवृत्तीच्या पुढच्याच वर्षी, १८६६ मध्ये, त्यांचा कर्जसंस्थांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रामीण जनतेचे तसेच शहरी कारागीर व कामगारांचे दारिद्र्य दूर करण्याचे साधन म्हणून कर्जसंस्थांचा विचार त्यात केला आहे. पुस्तकाचा मोठा भाग व्यवहाराचा आहे : संस्था कशी काढावी, पोटनियम कसे असावेत, वह्या कशा ठेवाव्यात, रोख्याचा मसुदा कसा असावा. एखाद्या अनुभवी कारकुनाने नव्या कारकुनासाठी लिहावे तसे हे पुस्तक आहे आणि त्याच्या यशाचे कारणही बहुधा तेच असावे. ग्रामीण धर्मोपदेशक आणि शिक्षक ते समोर ठेवून संस्था काढू शकले. लेखकाच्या हयातीत त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या. या ग्रंथाच्या लेखनात आणि पुढील सर्व पत्रव्यवहारात ज्येष्ठ कन्या अमाली यांचे साहाय्य होते. वडील सांगत आणि त्या लिहून घेत. त्या अविवाहित राहिल्या आणि वडिलांच्या मृत्यूपर्यंत त्यांच्या लेखनिक व सहकारी होत्या.

रायफायझेन पद्धती या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या रचनेचा गाभा असा की, संस्थेचे क्षेत्र एका गावापुरते किंवा एका चर्चच्या परिसरापुरते असावे. सर्वांनी सर्वांना ओळखावे, म्हणजे कोणाची शेती कशी आहे, कोण कष्टाळू आहे आणि कोण पिण्यात पैसा घालवतो याची चौकशी वेगळी करावी लागत नाही. सभासदांची जबाबदारी अमर्यादित असावी. शेतकऱ्याजवळ भाग घेण्याइतकी रोकड नसते, म्हणून भागभांडवलावर भर नसावा आणि लाभांश वाटू नये. नफा अविभाज्य राखीव निधीत जावा. संस्था मोडली तरी तो सभासदांत वाटला जाऊ नये. पदाधिकाऱ्यांनी विनावेतन काम करावे. वेतन फक्त हिशेबनिसाला मिळावे. कर्ज उत्पादक कामासाठीच, व्यक्तिगत जामिनावर आणि शेतीच्या चक्राला जुळेल अशा दीर्घ मुदतीचे असावे. जामीनदारांची पत मधूनमधून तपासली जावी.

यांतील अमर्यादित जबाबदारीचा नियम बाहेरच्याला सर्वांत भयंकर वाटतो आणि तोच साऱ्या रचनेचा आधार होता. शेजाऱ्याचे कर्ज बुडाले तर आपली जमीन जाऊ शकते हे माहीत असलेला सभासद कर्ज मंजूर होताना गप्प बसत नाही. सावकाराजवळ जी माहिती असते ती येथे साऱ्या गावाजवळ होती आणि तिचा उपयोग कर्जदाराला नागविण्याऐवजी सांभाळण्यासाठी होऊ शकत होता. उलट बाजूने पाहता, याच रचनेत गावातील प्रतिष्ठितांचे वर्चस्व आणि शेजाऱ्याच्या खासगी आयुष्यावरील पहाराही आलाच.

मध्यवर्ती बँक व पद्धतींचा वाद

गावोगावच्या संस्था वाढू लागल्या तशी नवी अडचण आली. एका गावात सर्वांना पैसा एकाच वेळी लागतो आणि सुगीनंतर सर्वांचा पैसा एकाच वेळी शिल्लक पडतो. एका संस्थेची शिल्लक दुसरीच्या कामी यावी म्हणून १८७२ मध्ये नॉयवीड येथे ऱ्हाइन प्रांतातील शेतकी सहकारी बँक स्थापन झाली आणि १८७४ मध्ये प्रादेशिक बँकांच्या वर एक सर्वसाधारण जर्मन शेतकी बँक उभारण्यात आली. वीडचे राजे विल्हेल्म यांचा रायफायझेन यांच्या कार्याला पाठिंबा होता.

या टप्प्यावर शुल्झे-डेलिट्श यांनी उघड विरोध सुरू केला. शुल्झे यांनीच १८६७ च्या प्रशियन सहकारी कायद्याचा पाया घातला होता आणि ते राइशटागचे सदस्य होते. त्यांचे आक्षेप दोन प्रकारचे होते. एक म्हणजे, अल्प मुदतीच्या ठेवी घेऊन पाच-दहा वर्षांची कर्जे देणे बँकिंगच्या दृष्टीने धोक्याचे आहे. ठेवीदार एकदम आले तर संस्था कोसळेल. दुसरे म्हणजे, भागभांडवल नसलेल्या संस्था आणि अशा संस्थांनीच बनलेली अमर्यादित जबाबदारीची मध्यवर्ती बँक कायद्यात बसत नाही. पहिल्या आक्षेपाला रायफायझेन यांचे उत्तर असे होते की, शेतकऱ्याला तीन महिन्यांत परत करायचे कर्ज निरुपयोगी आहे, आणि संकटकाळी ठरावीक मुदतीची सूचना देऊन कर्ज परत मागण्याचा अधिकार संस्था राखून ठेवतेच. दुसऱ्या आक्षेपाला त्यांच्याजवळ समाधानकारक उत्तर नव्हते. हा विषय राइशटागपर्यंत गेला, आणि १८७६ मध्ये ती बँक गुंडाळावी लागली. तिच्या जागी त्याच वर्षी नॉयवीड येथे भागधारक कंपनीच्या स्वरूपात शेतकी मध्यवर्ती कर्जनिधी स्थापन झाला.

हा वाद जर्मन सहकाराच्या इतिहासात पद्धतींचा वाद म्हणून प्रसिद्ध आहे. तो व्यक्तिगत कटुतेपर्यंत गेला. तरीही त्यात दोघांचेही काही अंशी खरे होते. शुल्झे यांची पद्धत रोज विक्री करणाऱ्या शहरी कारागिरासाठी होती, तर रायफायझेन यांची वर्षातून एकदा पीक घेणाऱ्या शेतकऱ्यासाठी.

१८७७ मध्ये रायफायझेन यांनी ग्रामीण सहकारी संस्थांचा संघ स्थापन केला. मार्गदर्शन आणि हिशेब तपासणी ही त्याची मुख्य कामे होती. १८७९ पासून संघाचे मुखपत्र निघू लागले. हेसेनमधील विल्हेल्म हास हे आरंभी त्यांच्याबरोबर होते. परंतु सर्व सूत्रे नॉयवीडला एकवटण्याची पद्धत आणि संस्थांना दिलेले धार्मिक अधिष्ठान त्यांना मान्य नव्हते. त्यांनी वेगळा संघ काढला आणि तो कालांतराने संस्थांच्या संख्येत नॉयवीडच्या पुढे गेला. एका माणसाभोवती उभारलेल्या चळवळीतील हा तणाव रायफायझेन यांना मिटविता आला नाही.

मृत्यू

सत्तराव्या वाढदिवसाची तयारी चालू असतानाच ११ मार्च १८८८ रोजी हेडेसडोर्फ येथे त्यांचे निधन झाले. त्या निमित्ताने बॉन विद्यापीठ त्यांना सन्माननीय डॉक्टरेट देणार होते. ती देण्याची वेळ आली नाही. दोनच दिवस आधी सम्राट पहिला विल्हेल्म मरण पावला होता, त्यामुळे जर्मन वृत्तपत्रांचे लक्ष बर्लिनकडे लागलेले होते. मृत्यूसमयी त्यांच्या संघात चारशेहून अधिक संस्था होत्या. पुढच्या वर्षी, १८८९ मध्ये, नवा सहकारी कायदा झाला. त्याने मर्यादित जबाबदारीच्या संस्थांना आणि सहकारी संस्थांच्या मध्यवर्ती संस्थांनाही मान्यता दिली. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत जर्मनीतील ग्रामीण पतसंस्थांची संख्या हजारोंवर गेली.

इतर देशांत व हिंदुस्थानात प्रसार

इटलीत लेओने वोलेम्बोर्ग यांनी १८८३ मध्ये लोरेज्जा येथे या धर्तीवरील पहिली संस्था काढली. ऑस्ट्रियात १८८६ मध्ये म्यूलडोर्फ येथे आणि स्वित्झर्लंडमध्ये १८९९ मध्ये बिशेलझे येथे पहिल्या संस्था निघाल्या. नेदरलँड्समधील राबोबँक या नावातील पहिली दोन अक्षरे रायफायझेन यांच्या नावातून आली आहेत.

हिंदुस्थानात हा विचार सरकारी अहवालातून आला. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले. सुपे येथून सुरू झालेला हा उठाव दख्खनचे दंगे म्हणून ओळखला जातो. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्याने सावकाराला काही प्रमाणात आवर घातला, पण शेतकऱ्याला पैसा दुसरीकडून कोठून मिळेल याचे उत्तर दिले नाही. वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांनी पुढे केलेली शेतकी बँकेची योजना लंडनहून मंजूर झाली नाही. मद्रास इलाख्यातील अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपातील ग्रामीण पतसंस्थांचा अभ्यास करून १८९५ व १८९७ मध्ये दोन खंडांचा अहवाल दिला. त्याचे सार असे की, या देशाने आपला रायफायझेन शोधावा. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यात ग्रामीण संस्थांसाठी अमर्यादित जबाबदारी आणि नफा राखीव निधीत टाकण्याचा नियम घालण्यात आला. हे दोन्ही नियम हेडेसडोर्फच्या वळणाचे होते. १९०५ मध्ये तत्कालीन मुंबई इलाख्यातील गदगजवळच्या कणगिनहाळ येथे या कायद्याखालील पहिली संस्था नोंदली गेली. १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक स्थापन झाली. तीच आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक होय.

नियम आले, पण गावातील परस्परविश्वास आणि ठेवी त्यांच्याबरोबर आल्या नाहीत. जर्मनीत संस्था गावाने काढली व सरकारने नंतर मान्य केली. येथे क्रम बहुतेक ठिकाणी उलटा होता. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी जेमतेम तीन टक्के सहकारी संस्थांकडून येते असे आढळले. त्या समितीने मोठ्या संस्था, मर्यादित जबाबदारी आणि सरकारचे भागभांडवल यांची शिफारस केली. महाराष्ट्रातील गावची विविध कार्यकारी सोसायटी त्यानंतर ज्या रूपात वाढली, त्यात एका गावाचे क्षेत्र बऱ्याच ठिकाणी टिकले; विनावेतन कारभार आणि अमर्यादित जबाबदारी मात्र मागे पडली.

मूल्यमापन व टीका

रायफायझेन यांना ग्रामीण सहकाराचे जनक म्हणण्याची प्रथा आहे. संशोधक आता ते विशेषण जपून वापरतात. कर्जदारालाच सभासद करण्याचे तत्त्व शुल्झे-डेलिट्श यांच्या संस्थांत आधीपासून होते आणि रायफायझेन यांनी ते उशिरा स्वीकारले. त्यांचे वेगळेपण त्या तत्त्वाला शेतकऱ्याच्या परिस्थितीनुसार वळवून खेड्यात टिकेल असे रूप देण्यात आहे.

त्यांच्या लेखनातील ज्यूविरोधी मते हा टीकेचा दुसरा विषय आहे. वेस्टरवाल्डमधील जनावरांच्या व्यापारात व सावकारीत ज्यू व्यापारी होते, तसेच ख्रिस्तीही होते. तरीही विशेषतः उत्तरायुष्यात रायफायझेन यांनी सावकारीचा दोष ज्यूंच्या माथी मारणारे लेखन केले. जुन्या गौरवपर चरित्रांत हा भाग वगळलेला दिसतो. २०१८ मधील द्विशताब्दीच्या सुमारास तो जर्मनीत पुन्हा चर्चेला आला.

स्मारके

१९०२ मध्ये हेडेसडोर्फ येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला. १९०४ मध्ये ते गाव नॉयवीड शहरात विलीन झाले. नॉयवीड येथील ऱ्हाइनवरील पुलाला त्यांचे नाव आहे. हाम येथे त्यांच्या जीवनावरील संग्रहालय आहे, तर फ्लामर्सफेल्ड येथील त्यांचे निवासस्थान जतन केले आहे. सहकारी संस्थांत एकत्र येण्याची कल्पना व प्रथा हिचा समावेश २०१६ मध्ये जर्मनीच्या प्रस्तावावरून युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला. वायरबुश येथे १८४७ च्या भट्टीघराची प्रतिकृती उभारलेली आहे.